रानतणांचे बारसे करणारा लिनीअस

पावसाचे पहिले दोन-चार सडाके पडून गेले की शेताच्या बांधावर, कुंपणाच्या कडेला, अंगणातल्या फरशांच्या फटींत एक हिरवे जग डोके वर काढते. केना, कुरडू, घोळ, आघाडा, माका, आंबुटी, सराटा, एकदांडी अशी त्यातल्या रहिवाशांची नावे. शेतकऱ्याच्या लेखी ती तणे, खुरप्याने काढून बांधावर टाकण्याच्या लायकीची. गृहिणीला त्यांतली चार भाजीची म्हणून ठाऊक असतात, वैदूला दहा-बारा औषधाची म्हणून, आणि श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीच्या पूजेसाठी आघाडा-दूर्वा शोधत हिंडणाऱ्या मुलांना दोनच. बाकीच्यांना काही नाव आहे की नाही, याची फिकीर सहसा कोणी करत नाही.

पण नाव नसण्यापेक्षा नावांचा गोंधळ अधिक त्रासदायक असतो. लांब दांड्यावर एकच फूल धरणारी आणि जखमेवर चोळून लावली जाणारी एकच वनस्पती कुठे एकदांडी, कुठे दगडीपाला, कुठे कंबरमोडी, तर कुठे जखमजोडी म्हणून ओळखली जाते. उलट शंखपुष्पी हे एकच नाव निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पतींना दिले जाते. त्यात वेलीवर फुलणारी गोकर्ण येते, तशीच जमिनीलगत पसरणारी इवल्या निळ्या फुलांची विष्णुक्रांताही येते. पाला विकणाऱ्याचे यात काही बिघडत नाही. ज्याच्या पोटात काढा जायचा असतो, त्याचे मात्र बिघडू शकते.

अठराव्या शतकातला युरोप नेमक्या याच पेचात अडकलेला होता. अमेरिका, आफ्रिका आणि पूर्वेकडील देशांतून गलबते भरभरून रोपे, बिया आणि वाळवलेली पाने येत होती. प्रत्येक पंडित आपल्यापरीने त्यांना नावे देत होता आणि एकाचे नाव दुसऱ्याला कळत नव्हते. या गुंत्यातून वाट काढली ती स्वीडनमधल्या एका गरीब पाद्र्याच्या मुलाने. त्याचे नाव कार्ल लिनीअस.

घराण्याचे नावच झाडावरून

लिनीअसचा जन्म २३ मे १७०७ रोजी दक्षिण स्वीडनमधल्या स्मोलंड प्रांतातील रॉशुल्ट या खेड्यात झाला. त्या काळी तिकडच्या खेडुतांना आडनाव नसे; बापाच्या नावापुढे मुलगा हा शब्द जोडला की काम भागे. कार्लचे वडील निल्स विद्यापीठात गेले तेव्हा त्यांना आडनाव घेणे भाग पडले. घराण्याच्या जमिनीवर लिंडेनचा एक प्रचंड जुना वृक्ष होता. तिकडच्या बोलीतल्या त्याच्या नावाला लॅटिन वळण देऊन त्यांनी लिनीअस हे आडनाव बनवले. पुढे जगभरच्या वनस्पतींना नावे देणाऱ्या माणसाचे स्वतःचे नाव असे एका झाडाकडून आलेले होते.

निल्स जवळच्या स्टेनब्रोहुल्ट गावी धर्मोपदेशक होते. त्यांना बागेचे वेड होते आणि ते मुलात उतरले. कार्ल जेमतेम पाच वर्षांचा झाला तेव्हा वडिलांनी त्याला स्वतंत्र वाफा नेमून दिला. मूल प्रत्येक रोपाचे नाव विचारी आणि दुसऱ्या दिवशी विसरून पुन्हा विचारी. अखेर वडिलांनी तंबी दिली, की सांगितलेली नावे लक्षात ठेवणार नसशील तर यापुढे एकही नवे नाव मिळणार नाही. ही आठवण लिनीअसने स्वतःच नोंदवून ठेवली आहे. नाव विसरले की वस्तूही हातची जाते, हा धडा त्याला तेव्हाच मिळाला.

वेक्शो येथील शाळेत मात्र त्याची प्रगती सुमार होती. मुलाने आपल्यामागे धर्मोपदेशक व्हावे ही घरची इच्छा. मुलाचे लक्ष धर्मशास्त्राऐवजी शाळेबाहेरच्या रानात. गुरुजनांनी नापसंती कळवली तेव्हा त्याला एखाद्या कारागिराच्या हाताखाली घालण्याचा विचार वडिलांच्या मनात येऊन गेला. त्या वेळी योहान रोथमान या डॉक्टर-शिक्षकाने मध्ये पडून मुलाला वैद्यकाकडे वळवले. त्या काळी औषधे बहुतांशी वनस्पतींचीच असत, त्यामुळे वैद्यकाचा विद्यार्थी हा आपोआप वनस्पतींचा विद्यार्थी होई. रोथमानने त्याला फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ तुर्नफोर याची वर्गीकरणाची पद्धत शिकवली.

बुटात कागद, डोक्यात पुंकेसर

१७२७ मध्ये लुंड आणि पुढच्याच वर्षी अप्सला अशा दोन विद्यापीठांची पायरी लिनीअस चढला. अप्सलातले पहिले दिवस विलक्षण हलाखीचे होते. फाटक्या बुटांच्या तळाशी कागद कोंबून तो चालत असे. विद्यापीठाच्या दुर्लक्षित बागेत एकदा ओलोफ सेल्सियस या विद्वान धर्मशास्त्रज्ञाची त्याच्याशी गाठ पडली. समोरचा कंगाल विद्यार्थी बागेतल्या प्रत्येक रोपाविषयी नेमके बोलतो आहे, हे पाहून सेल्सियसने त्याला आपल्या घरी आसरा दिला. १७२९ च्या अखेरीस लिनीअसने या आश्रयदात्याला नववर्षाची भेट म्हणून एक छोटेखानी हस्तलिखित दिले. विषय होता वनस्पतींचे विवाह. फुलातले पुंकेसर म्हणजे नर आणि स्त्रीकेसर म्हणजे मादी, ही कल्पना तेव्हा युरोपात नवी आणि वादग्रस्त होती. या हस्तलिखितामुळे प्राध्यापक ओलोफ रुडबेक प्रभावित झाले आणि १७३० मध्ये या विद्यार्थ्यालाच बागेत व्याख्याने देण्याचे काम मिळाले.

याच सुमारास पेटर आर्टेडी हा जिवलग मित्र त्याला भेटला. दोघांनी सृष्टी जणू वाटून घेतली. मासे आर्टेडीकडे, फुलझाडे लिनीअसकडे. दोघांपैकी एक आधी गेला तर मागे राहणाऱ्याने त्याचे काम पुरे करायचे, असे ठरले. १७३५ मध्ये आर्टेडी ॲमस्टरडॅमच्या एका कालव्यात पडून बुडाला. लिनीअसने शब्द पाळला आणि १७३८ मध्ये मित्राचा माशांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्याआधी, १७३२ च्या मे महिन्यात, पंचवीस वर्षांचा लिनीअस अप्सलाच्या विज्ञान संस्थेकडून मिळालेल्या तुटपुंज्या अनुदानावर लॅपलँडच्या सफरीला निघाला होता. सुमारे पाच महिने दलदली, हिमनद्या आणि सामी लोकांच्या वस्त्या पालथ्या घालून तो परतला. या सफरीत त्याचे मन जडले ते एका अगदी लहान, जमिनीसरपट वाढणाऱ्या, जोडीने लोंबणाऱ्या गुलाबी घंटाफुलांच्या वनस्पतीवर. डच मित्र ग्रोनोव्हियस याने पुढे तिला लिनीअसचेच नाव दिले आणि आज ती लिनीया बोरिॲलिस म्हणून ओळखली जाते. मोठाले वृक्ष हाताशी असताना त्याने स्वतःसाठी पायाखालचे रोपटे पसंत केले, यावरून त्याच्या आवडीची कल्पना यावी.

हॉलंडमधील तीन वर्षे

डॉक्टरकीच्या पदवीसाठी लिनीअस १७३५ मध्ये हॉलंडला गेला. जाण्यापूर्वी फालून गावच्या डॉक्टर मोरियस यांची मुलगी सारा लिसा हिच्याशी त्याची सोयरीक ठरली होती. आधी पदवी आणि मग लग्न, अशी सासऱ्यांची अट होती. हार्डरवाइकच्या विद्यापीठात हिवतापावरचा प्रबंध देऊन त्याने अल्पावधीत पदवी मिळवली. त्याच वर्षी लायडन येथे त्याचा सिस्टेमा नॅच्युरी हा ग्रंथ निघाला. मोठ्या आकाराची अवघी काही पाने आणि त्यांत खनिजे, वनस्पती आणि प्राणी अशी सारी सृष्टी कोष्टकांत मांडलेली. छपाईचा खर्च ग्रोनोव्हियस आणि आयझॅक लॉसन या मित्रांनी उचलला.

वनस्पतींसाठी त्याने केलेली योजना सोपी होती. फुलातले पुंकेसर मोजायचे आणि त्यांची संख्या व मांडणी यांवरून रोप चोवीस वर्गांपैकी एकात घालायचे. पुढे स्त्रीकेसर पाहून पोटवर्ग ठरवायचा. रोप ओळखण्याची विद्या यामुळे मूठभर पंडितांच्या हातून सुटली आणि ज्याला फूल उलगडून मोजता येते अशा कोणाच्याही हाती आली. फुलांच्या या उघड्या संसारवर्णनाने काही जण बिथरले. सेंट पीटर्सबर्गच्या योहान सिजेसबेक याने ही पद्धत अनीतिमान ठरवून तिच्यावर झोड उठवली. आज एका चिकट, क्षुल्लक फुलांच्या तणाला सिजेसबेकिया हे नाव आहे आणि ते लिनीअसनेच दिलेले आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या वर्तुळात ही गंमत अडीचशे वर्षे चवीने सांगितली जाते.

ॲमस्टरडॅमचा धनाढ्य सावकार जॉर्ज क्लिफर्ड याने हार्टेकाम्प येथील आपली बाग आणि ग्रंथसंग्रह त्याच्या स्वाधीन केला. तेथे काचघरात त्याने केळीला फुलोरा आणून दाखवला. युरोपात हा चमत्कारच मानला गेला आणि त्यावर त्याने १७३६ मध्ये पुस्तिकाही लिहिली. नावे कशी असावीत याचे नियम घालून देणारे त्याचे ग्रंथही याच काळातले. त्यांतल्या एकात आपल्या केनाविषयी एक मार्मिक नोंद येते. केनाच्या वंशाला कोमेलिना हे नाव हॉलंडच्या कोमेलिन घराण्यावरून पडले आहे. या फुलाच्या तीन पाकळ्यांपैकी दोन ठळक आणि तिसरी नगण्य असते. लिनीअसने तिचा अर्थ लावला तो असा, की घराण्यातले यान आणि कास्पर हे दोघे वनस्पतिशास्त्रात नावाजले आणि तिसरा काही करून दाखवण्याआधीच निवर्तला. ज्याला केनाचे फूल एकदा जवळून पाहायला मिळाले, त्याला हे नाव पुन्हा विसरता येत नाही.

दोन शब्दांची करामत

१७३८ मध्ये लिनीअस स्वीडनला परतला, स्टॉकहोममध्ये डॉक्टरी करू लागला आणि १७३९ मध्ये त्याचे लग्न झाले. १७४१ मध्ये अप्सला विद्यापीठाचे प्राध्यापकपद त्याला मिळाले आणि पुढचे सारे आयुष्य त्याने तिथेच घालवले. त्याच्या रानफेऱ्या हा गावाच्या कौतुकाचा विषय झाला. ढगळ हलके कपडे घातलेले शंभर-दीडशे विद्यार्थी ठरल्या वेळी निघत, दिवसभर कुरणे धुंडाळत आणि संध्याकाळी शिंग-नगारे वाजवत, गुरूचा जयजयकार करत परत येत. विद्यापीठातल्या काही ज्येष्ठांना हा धांगडधिंगा रुचला नाही, पण विद्यार्थ्यांची गर्दी ओसरली नाही.

या फेऱ्यांत एक अडचण मात्र सतत आड येई. वनस्पतीचे शास्त्रीय नाव म्हणजे त्या काळी लॅटिनमधले एक आखूड वर्णनच असे. उदाहरणार्थ, कागदी पिशवीसारख्या आवरणात फळ धरणारे जे चिरबोटीच्या गोतातले तण शेताकडेला उगवते, त्याचे नाव घ्यायचे तर एकवर्षायू, पुष्कळ फांद्यांची, कोनदार गुळगुळीत फांद्यांची, दातेरी पानांची, असे सारे म्हणावे लागे. त्याच वंशातले आणखी एक रोप सापडले, की फरक दाखवण्यासाठी वर्णन आणखी वाढे. नाव आणि ओळख ही दोन्ही कामे एकाच वाक्यावर लादलेली असल्यामुळे त्याला दोन्ही धड जमत नव्हती.

यावरचा उपाय एखाद्या थोर सिद्धान्तातून आला नाही. तो गुरांच्या चाऱ्यातून आला. स्वीडनच्या रानातले कोणते गवत, कोणते तण गाई, शेळ्या, मेंढ्या, घोडे आणि डुकरे खातात आणि कोणत्याला तोंड लावत नाहीत, याची पाहणी लिनीअसने विद्यार्थ्यांकडून करवून घेतली. ती १७४९ मध्ये प्रबंधरूपाने प्रसिद्ध झाली. कुरणात गुरांमागे हिंडत शेकडो रोपांची नोंद करणाऱ्या मुलांना दर वेळी अर्धी ओळ लॅटिन लिहिणे अशक्य होते. म्हणून वंशाच्या नावापुढे एकच खुणेचा शब्द लिहावा अशी सोय करण्यात आली. सोय इतकी सोयीची ठरली, की लिनीअसने ती सगळ्याच वनस्पतींना लावायचे ठरवले.

त्याचे फळ म्हणजे १७५३ मध्ये प्रसिद्ध झालेला स्पीशीज प्लँटारम हा ग्रंथ. दोन खंड, बाराशे पाने आणि तोवर ठाऊक असलेल्या सुमारे सहा हजार वनस्पती. लांब वर्णने त्यातही आहेत आणि लिनीअसच्या मते खरी नावे तीच होती. दुसरा सुटसुटीत शब्द त्याने केवळ समासात छापला. पण वाचकांनी समासच उचलला. वंशाचे नाव आडनावासारखे, जातीचे नाव हाकेच्या नावासारखे. मधल्या वर्णनाचा भार उतरल्यामुळे नवी जात सापडली तरी जुन्या नावाला धक्का लागण्याचे कारण उरले नाही. हीच द्विनाम पद्धती होय. १९०५ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने वनस्पतींच्या नावांचा श्रीगणेशा म्हणून याच ग्रंथाला मान्यता दिली. त्याआधीची नावे शास्त्रात धरली जात नाहीत. प्राण्यांना हीच पद्धत त्याने १७५८ मध्ये लावली.

मलबारच्या वैद्यांचे ऋण

लिनीअस भारतात कधीच आला नाही. तरीही या ग्रंथात आपल्याकडची कितीतरी झुडपे आणि तणे आहेत. ती त्याच्यापर्यंत कशी पोचली, याची हकीकत मराठी आणि कोकणी वाचकाला जवळची वाटावी अशी आहे.

सतराव्या शतकात कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याने मलबारातील वनस्पतींवर हॉर्टस मलबारिकस हा प्रचंड ग्रंथ तयार करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड ॲमस्टरडॅमला छापले गेले. झाडांची माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे पिढीजात वैद्य होते, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी ब्राह्मण होते. या तिघांनी दिलेला नागरी लिपीतला दाखला पहिल्या खंडात छापलेला आहे. या ग्रंथावर लॅटिन टिपणे लिहिणाऱ्यांत केनाच्या ठळक पाकळीचा धनी असलेला यान कोमेलिनही होता. लिनीअसने यातल्या चित्रांचा आणि वर्णनांचा आधार पानोपानी घेतला. दुसरा आधार श्रीलंकेतला. पॉल हर्मान या डॉक्टरने तिथे गोळा केलेली वाळवलेली रोपे बरीच वर्षे बेपत्ता होती. ती कोपनहेगनच्या एका औषधविक्रेत्याकडे सापडली आणि त्याने ती लिनीअसकडे धाडली. १७४७ मध्ये त्यांवरून लिनीअसने सिलोनच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला.

या ऋणाची परतफेड मात्र झाली नाही. ग्रीक-लॅटिन वळणात न बसणारी देशी नावे लिनीअस रानटी समजे आणि ती टाळण्याचा नियमच त्याने केला होता. युरोपातल्या मित्रांना, आश्रयदात्यांना, एवढेच काय टीकाकारांनाही त्याच्या नावांत जागा मिळाली. ज्यांनी रोपे हातात धरून त्यांचे गुण सांगितले त्या वैद्यांना मिळाली नाही. हॉर्टस मलबारिकसचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद के. एस. मणिलाल यांच्या दीर्घ परिश्रमांनंतर २००३ मध्ये केरळ विद्यापीठाने प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे या माणसांची नावे सामान्य वाचकापर्यंत पोचली.

नावासाठी मोजलेली किंमत

स्वीडनबाहेरची रोपे मिळवण्यासाठी लिनीअसने आपले उत्तमोत्तम विद्यार्थी दूरदेशी पाठवले. त्यांना त्याचे प्रेषित म्हटले जाई. पहिला क्रिस्टोफर टर्नस्ट्रम. चीनकडे जाताना १७४६ मध्ये तो वाटेतच वारला. मागे राहिलेल्या त्याच्या पत्नीने आपल्या वैधव्याचा दोष लिनीअसला दिला आणि त्यानंतर तो शक्यतो अविवाहितच निवडू लागला. हासेलक्विस्ट १७५२ मध्ये स्मर्नाजवळ गेला, ल्योफ्लिंग १७५६ मध्ये व्हेनेझुएलात आणि पेर फोर्सकोल १७६३ मध्ये येमेनमध्ये हिवतापाने. फोर्सकोलने पाठवलेल्या बियांपासून अप्सलात एक खरखरीत, अंगाला चिकटणारे, मोठ्या जिवटपणाचे तण उगवले. लिनीअसने त्याला या हट्टी शिष्याचे नाव दिले. ज्ञानाच्या या उद्योगात तरुण माणसे कशी खर्ची पडली, हे अशा नावांमागे दडलेले असते.

काही शिष्य मात्र दीर्घकाळ कामी आले. सोलँडर कॅप्टन कुकबरोबर जगप्रदक्षिणेला गेला, थुनबर्ग जपानला पोचला. योहान कोनिग हा १७६८ मध्ये तंजावरजवळच्या तरंगंबाडी या डॅनिश वसाहतीत डॉक्टर म्हणून आला आणि १७८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुख्यतः दक्षिण भारतात वनस्पती धुंडाळत राहिला. भारतीय वनस्पतिशास्त्राचा पाया घालणारा विल्यम रॉक्सबर्ग त्याच्याच सहवासात घडला. पुढे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला, तोही याच परंपरेतला. महाराष्ट्रातले तण ओळखू पाहणारा अभ्यासक आजही त्याची पाने उलटतो.

चुकलेले आणि टिकलेले

लिनीअसला स्वतःचा अभिमान कमी नव्हता, आणि त्याचा सर्वांत मोठा अभिमान होता तो पुंकेसर मोजण्याच्या पद्धतीचा. काळाने नेमकी तीच टाकून दिली. निव्वळ संख्येवर विसंबल्याने नात्यागोत्याचा मेळ बसत नसे. एक पुंकेसर असलेल्यांच्या वर्गात पुनर्नवेचे तण चक्क हळदीच्या शेजारी जाऊन बसले होते. तीन पुंकेसरांच्या वर्गात केना आणि लव्हाळा एकत्र आले होते. रोप शोधायला ही सोय बरी असली तरी त्याचे खरे भाऊबंद कोण, हे तिच्यातून कळत नसे. पुढच्या दोन-तीन पिढ्यांतच वनस्पतिशास्त्रज्ञ नैसर्गिक कुलांकडे वळले.

नावांतही त्याच्या हातून घोटाळे झाले. केसांना लावायच्या तेलात वापरला जाणारा माका त्याने १७५३ च्या ग्रंथात दोन वेगळ्या जाती म्हणून नोंदवला. आज त्या एकच मानल्या जातात आणि एक्लिप्टा प्रोस्ट्राटा हे नाव ग्राह्य धरतात. तरी औषधांच्या वेष्टनांवर एक्लिप्टा अल्बा हे दुसरे नाव अजून भेटते. गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा त्याने पॅनिकम या वंशात घातली होती. १८०५ मध्ये पर्सून याने ती सायनोडॉन वंशात नेली. वंश बदलला, पण डॅक्टिलॉन हा लिनीअसचा दुसरा शब्द तसाच सोबत गेला. चूक दुरुस्त करता यावी आणि तरीही जुना धागा तुटू नये, ही या पद्धतीची खरी ताकद आहे.

सगळ्याच चुका मात्र अशा निरुपद्रवी नव्हत्या. मानवाला प्राणिसृष्टीत बसवण्याचे धाडस त्याने केले, आणि लगेच माणसांचे खंडांनुसार व रंगांनुसार चार गट पाडून प्रत्येकाला स्वभावही चिकटवले. युरोपीय माणसाच्या वाट्याला सद्गुण आले आणि इतरांच्या वाट्याला दुर्गुण. पुढच्या काळात वंशभेदाला शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांना ही मांडणी आयती सापडली. रोपांच्या बाबतीत आधी पाहून मग लिहिणारा हा माणूस माणसांच्या बाबतीत ऐकीव गोष्टींवर विसंबला.

अखेरची वर्षे

१७६१ मध्ये राजाने त्याला सरदारकी बहाल केली आणि तो कार्ल फॉन लिने झाला. अप्सलाजवळ हामरबी येथे त्याने शेतवाडी घेतली होती, उन्हाळ्यात तिथेच विद्यार्थी जमत. १७७४ मध्ये पक्षाघाताचा पहिला झटका आला आणि हळूहळू स्मृती ढासळत गेली. सांगतात, की अखेरीस त्याला आपलीच पुस्तके परक्याची वाटत आणि तो त्यांचे कौतुक करी; स्वतःचे नावसुद्धा त्याला आठवेनासे झाले. १० जानेवारी १७७८ रोजी त्याचे निधन झाले. अप्सलाच्या कॅथीड्रलमध्ये त्याचे दफन करण्यात आले.

१७८३ मध्ये त्याचा मुलगाही वारला. तेव्हा सारा लिसाने सारा संग्रह जेम्स एडवर्ड स्मिथ या तरुण इंग्रजाला विकला. १७८८ मध्ये लंडनला लिनीअन सोसायटी स्थापन झाली आणि सुमारे १४ हजार वाळवलेली रोपे आज तिच्या तळघरात जपलेली आहेत. नावाविषयी वाद निघाला की अभ्यासक शेवटी अशा मूळ नमुन्यांकडेच वळतात. लिनीअसने दिलेल्या नऊ हजारांहून अधिक वनस्पतिनावांपैकी प्रत्येकाचा मूळ आधार कोणता, हे तपासण्याचे काम लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने हाती घेतले. चार्ली जार्व्हिस यांनी त्याचे फलित २००७ मध्ये, लिनीअसच्या तीनशेव्या जन्मवर्षी, ग्रंथरूपाने सादर केले.

हा सारा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणाला पडलाच तर त्याचे उत्तर पुण्याजवळच्या माळावर मिळते. १९५० च्या दशकात पुणे परिसरात एक अनोळखी तण दिसू लागले. त्याच्या स्पर्शाने अंगावर पुरळ उठे. गाजराच्या पानांशी साम्य म्हणून लोकांनी त्याला गाजरगवत म्हटले, काँग्रेस गवतही म्हटले. गावच्या नावावरून ते आले कुठून हे कळण्यासारखे नव्हते. पण रोप ओळखले गेले आणि पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे नाव निघाले. ते १७५३ मध्ये लिनीअसने एका अमेरिकन वनस्पतीला दिलेले होते. नाव हाती येताच तिकडची सारी माहिती हाती आली, मूळ देश कळला आणि त्या देशात याच पानांवर जगणारा एक भुंगा असतो हेही कळले. तो मेक्सिकन भुंगा १९८० च्या दशकात भारतात आणून सोडण्यात आला. त्याने तणाचा समूळ नाश केला नाही, परंतु शेतकऱ्याच्या बाजूने लढणारा एक सोबती मिळाला.

शास्त्रीय नावापुढे ते देणाऱ्याचे संक्षिप्त नाव लिहिण्याची रीत आहे. इतरांना त्यासाठी चार-सहा अक्षरे लागतात, लिनीअसला रोमन लिपीतला एकच एल पुरतो. केना, आघाडा, घोळ, सराटा, आंबुटी, लाजाळू, पुनर्नवा, एकदांडी आणि गाजरगवत, या सगळ्यांच्या नावांमागे तो उभा आहे.